ग्रो सुपेला जाताना: प्रोव्हान्सच्या पाहुणेघरातलं नाताळचं जेवण

२४ डिसेंबरला संध्याकाळी सातनंतर फ्रान्सच्या लहान गावात उघडं हॉटेल शोधणं म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री खानावळ शोधण्यासारखं. बेकरीचं शटर खाली, कॅफेच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या वर्षी आम्ही गाडीत हीटर लावून बरोबरच्या दशम्या खाल्ल्या आणि समोरच्या घरातल्या लोकांचं जेवण खिडकीतून बघितलं. पुढच्या वर्षी शहाणपण आलं. तेव्हापासून तीन नाताळ दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या एकाच घरात, त्यांच्याच टेबलावर झाले. नवीन कुणी विचारतं तेव्हा मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी एक शब्द समजून घ्या: शांब्र दोत. म्हणजे लोक राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतात ती सोय. फ्रेंच कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ माणसं. सकाळची न्याहारी भाड्यातच, आणि स्वागताला घरच्यांनी स्वतः हजर असायचं. त्यातली काही घरं रात्रीचं जेवणही देतात, त्याला म्हणतात ताब्ल दोत. हे जेवण फक्त मुक्कामाला असलेल्यांसाठी, सगळ्यांना एकच मेनू, आणि घरच्यांबरोबर त्यांच्या टेबलावर. मेनूकार्ड नाही, वेटर नाही, ‘मला जरा कमी तिखट’ नाही. पैसे देता म्हणून तुम्ही गिऱ्हाईक असता, पण वागायचं मात्र पाहुण्यासारखं. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं.

प्रोव्हान्सच का

फ्रान्समध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला रेव्हेयों म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात कच्चे ऑयस्टर, बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताचं फ्वा ग्रा, धुरावलेला सॅमन, मग चेस्टनट घालून भाजलेला खस्सी कोंबडा, आणि शेवटी लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक, बूश. खाणाऱ्याला स्वर्ग. पण ज्यांना यातलं निम्मं चालत नाही, ते पावावर लोणी लावून रात्र काढतात.

प्रोव्हान्सची रीत निराळी. तिथे २४ तारखेच्या रात्रीचं जेवण ‘मेग्र’, म्हणजे बिनमांसाचं. नाव मात्र ‘ग्रो सुपे’, मोठं जेवण. नाताळच्या आधी संयम पाळायचा ही जुनी कॅथलिक शिस्त, आणि ती पाळता पाळता सात पदार्थ आणि तेरा गोडाचे प्रकार मांडायचे ही माणसाची युक्ती. आपल्या एकादशीशी नातं कुठे लागतं ते सांगायला नको.

पहिली पायरी: घर शोधा, तेही सप्टेंबरात

नाताळात पुष्कळ शांब्र दोत बंद असतात, कारण त्या लोकांनाही स्वतःची मुलंबाळं आहेत. जी उघडी असतात त्यांतली निम्मी फक्त खोली देतात. म्हणून सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरमध्ये ई-मेल पाठवा आणि दोन प्रश्न सरळ विचारा. २४ च्या रात्री ताब्ल दोत आहे का? आणि जेवण ग्रो सुपे आहे की रेव्हेयों? दुसरा प्रश्न विसरू नका. प्रोव्हान्समध्ये घर घेऊन राहिलेले पॅरिसवाले खूप आहेत आणि ते आनंदानं ऑयस्टरच वाढतील.

कुठे बघायचं? आल्पी डोंगरांच्या पायथ्याशी सां-रेमी आणि बो-द-प्रोव्हान्सचा भाग, ल्युबरोंमधली आप्त नावाच्या गावाच्या आसपासची गावं, किंवा आणखी वर फोरकाल्कियेकडे. मला शेवटचा भाग आवडतो, कारण तिथे डिसेंबरात प्रवासी कमी आणि घरातली म्हातारी माणसं जास्त. या जेवणात घरात आजी असणं ही खोलीच्या चित्रापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आगाऊ पैशांबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पावतीवर ‘आर’ लिहिलंय की ‘आकोंत’ ते पाहा. ‘आर’ असेल तर तुम्ही बेत रद्द केल्यावर ती रक्कम गेली, विषय संपला. घरमालकानं रद्द केलं तर त्यानं दुप्पट परत करायची. ‘आकोंत’ असेल तर सौदा पक्का धरला जातो आणि नुसती आगाऊ रक्कम सोडून सुटका होत नाही. भारतातून येणाऱ्यांचा व्हिसा अजून हातात नसतो, म्हणून त्यांनी ‘आर’ मागावं. व्हिसाच्या अर्जाला लावण्यासाठी नाव आणि तारखा घातलेली लेखी खात्रीही तेव्हाच मागून घ्या.

जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्याहून वेगळे. वाइन त्यात धरलीय का, मुलांचा दर वेगळा आहे का, कार्ड चालतं का, हेही आत्ताच विचारा. पुष्कळ घरांत कार्डाचं यंत्रच नसतं. शिवाय माणशी रोजचा ‘ताक्स द सेजूर’ हा थोडासा पर्यटन कर असतो. ती घरमालकाची वरकमाई नाही, त्याच्याकडून तो पुढे भरला जातो. त्यावरून वाद घालणारे आपले लोक मी पाहिलेत.

दुसरी पायरी: काय चालत नाही ते नावानिशी सांगा

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ‘मी शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. प्रोव्हान्सच्या माणसाला ग्रो सुपे मुळातच बिनमांसाचं वाटतं, आणि ते आहेही. पण त्यात खारवलेला कॉड आहे, गोगलगायी असू शकतात, आणि आंश्वा, म्हणजे खारवलेला इवलासा मासा, कुठे दडलेला असेल सांगता येत नाही. सेलरीबरोबरच्या चटणीत असतो. सुरुवातीला पावावर लावून देतात त्या काळ्या ऑलिव्हच्या तापनादमध्येही बहुधा असतोच.

म्हणून एकेक नाव घ्या. ‘नी व्यांद, नी प्वासों, नी आंश्वा’: मांस नाही, मासा नाही, आंश्वा नाही. गोगलगाय हा इथे मासाही नाही आणि मांसही नाही, तेव्हा ‘नी एस्कार्गो’ जोडा. अंडं चालत नसेल तर ‘नी अफ’. शेवटचं सांगताना त्यांचा चेहरा पडेल, पण आधी पडलेला बरा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र मी मनापासून सांगते, हे जेवण तुमच्यासाठी नाही. त्याची सुरुवातच लसणाच्या सुपानं होते.

किती आधी सांगायचं? किमान दोन आठवडे. खारवलेला कॉड निदान एक दिवस पाण्यात ठेवतात आणि चार-पाच वेळा पाणी बदलतात, म्हणजे स्वयंपाक २३ लाच सुरू झालेला असतो. कार्द नावाची भाजी असते, आर्टिचोकची बहीण, दिसायला दांडगी सेलरी. तिच्या दांड्यांचे दोरे एकेक करून काढायचे आणि काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू चोळायचं, हे अळूची देठी सोलण्याइतकंच चिकाटीचं काम. त्या बाईंना २४ च्या दुपारी ‘अहो, मला मासा चालत नाही’ म्हणून सांगणं हा गुन्हा आहे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी गोडाचा हिशेब आत्ताच देऊन ठेवते. नुगा म्हणजे मध-बदामाची मिठाई. पांढऱ्या नुगात अंड्याचा पांढरा भाग असतो. काळ्या नुगात नसतो. त्यात फक्त मध आणि बदाम, गडद होईपर्यंत शिजवलेले. एक्स शहराच्या प्रसिद्ध कालिसों या बदामाच्या मिठाईवर जो पांढरा थर असतो, त्यातही अंड्याचा पांढरा भाग. पोंप नावाचा गोड पाव जुन्या रीतीनं केला तर पीठ, ऑलिव्ह तेल, साखर, यीस्ट आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी एवढ्यातच होतो. सुकामेवा, फळं आणि क्विन्स या पेअरसारख्या फळाच्या वड्या बिनधास्त खा.

तिसरी पायरी: उजेडात पोहोचा

पॅरिसहून आव्हिन्यों किंवा एक्सपर्यंत जलद गाडीनं साधारण तीन तास लागतात. पण टीजीव्ही या जलद गाड्यांची ही दोन्ही स्टेशनं शहराबाहेर आहेत आणि पुढच्या गावाला सणाच्या संध्याकाळी बस मिळेल या भरवशावर राहू नका. गाडी भाड्यानं घ्यायची तर २४ ला काउंटर किती वाजता बंद होतो ते आधी पाहा. शक्य असेल तर २३ लाच जा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दगडी भिंतींमधले अरुंद रस्ते अंधारात सगळे सारखे दिसतात.

लोकर घ्या. प्रोव्हान्स म्हटलं की लॅव्हेंडर आणि ऊन डोळ्यांसमोर येतं, पण हिवाळ्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटला की हाडं वाजतात. जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला याच वाऱ्याच्या धास्तीनं खिडक्या जवळपास नसतातच. आतली जमीन दगडी किंवा मातीच्या फरशीची, तेव्हा जाड मोजे आणि घरात घालायच्या चपला हव्यातच.

कपडे नीटनेटके, एवढंच. साडी नेसलीत तर आजीबाई खूश होतील, फक्त शेकोटीजवळ सिंथेटिक पदर सांभाळा.

हातात काय न्यायचं? वाइन नको. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली, हे त्यांनी महिनाभर आधी ठरवलेलं असतं. फुलं नेलीत तर शेवंती चुकूनही नेऊ नका. आपल्याकडे ती पूजेची, तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला थडग्यांवर वाहायची. त्या घरी पहिल्यांदा जाताना मी लोणावळ्याची चिक्की नेली. त्यांच्या काळ्या नुगाशी तिचं इतकं जवळचं नातं निघालं की डबा हातोहात फिरला.

दारात पाऊल टाकताच ‘बोंजूर’, अंधार पडला असेल तर ‘बोंस्वार’. त्याआधी सामान, वायफाय, बाथरूम यांतलं काहीही विचारायचं नाही. घरच्या म्हातारीला सगळे ‘मामी’ म्हणतील. दचकू नका, फ्रेंचमध्ये मामी म्हणजे आजी. आमची लेक पहिल्या दिवशी कानात म्हणाली, “आई, यांचे मामा कुठायत?” तुम्ही मात्र त्यांना ‘मादाम’ आणि अहोजाहोचं ‘व्हू’ वापरा. त्या स्वतःहून ‘तू’वर आल्या तर समजा, घरात घेतलं.

चौथी पायरी: बसण्याआधी टेबल बघा

जेवणाची खोली उघडल्यावर लगेच खुर्ची ओढू नका. मिनिटभर उभं राहून बघा, कारण या टेबलावरची प्रत्येक वस्तू मुद्दाम ठेवलेली असते.

तीन पांढरे टेबलक्लॉथ, एकावर एक. तीन मेणबत्त्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा त्या तिनाचा अर्थ. काही घरांत वरचा कपडा या जेवणासाठी, मधला २५ च्या दुपारसाठी आणि खालचा त्या रात्रीसाठी, असं एकेक उतरवत जातात. मेणबत्त्यांशेजारी तीन बशांमध्ये हिरवेगार गव्हाचे कोंब. ते ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, ओल्या कापसावर पेरलेले असतात. कोंब दाट आणि सरळ आले तर पुढचं साल चांगलं. प्रोव्हांसाल भाषेत म्हणच आहे, गहू नीट आला की सगळं नीट येतं. ज्यांनी नवरात्रात घटातलं धान रोज डोकावून पाहिलंय त्यांचे पाय या बशांसमोर रेंगाळल्याशिवाय राहणार नाहीत. मी मामींना मोबाइलवर आमच्या सांगलीच्या घरातल्या घटाचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “आणि माती? तुम्ही मातीत पेरता? मग तुमचं जास्त चांगलं.”

माणसं मोजलीत तर एक ताट जास्त निघेल. तिथे बसू नका. ते गरिबाचं पान. दार वाजवून कुणी आलं तर त्याच्यासाठी, आणि कुणी म्हणतात, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी.

कोपऱ्यात क्रेश असेल, म्हणजे येशूजन्माचा देखावा. आपल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखी त्यात मातीची रंगवलेली चित्रं, सांतों, पण गाव अख्खं प्रोव्हान्सचं: कोळीण, चाकूला धार लावणारा, लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी, आणि दोन्ही हात वर करून आश्चर्यानं बघणारा भोळा राव्ही. मार्सेयमध्ये या चित्रांचा बाजार १८०३ पासून भरतो. देखाव्यातली गव्हाणी रिकामी दिसली तर ‘बाळ हरवलं का’ असं विचारू नका. ते मध्यरात्री ठेवतात.

पाचवी पायरी: ओंडक्यासाठी तयार राहा

सगळ्या घरांत हे आता होत नाही, पण चूल पेटती असेल तर बहुधा होतं. याला काशो-फिओ म्हणतात. फळझाडाचा एक ओंडका, पेअरचा, चेरीचा, ऑलिव्हचा, घरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान असे दोघं मिळून उचलतात, टेबलाभोवती तीन फेऱ्या घालतात, त्यावर गोड वाइन तीनदा शिंपडतात आणि मग तो चुलीत जातो. तुमच्याबरोबर मूल असेल तर सगळ्यात लहान तेच ठरण्याची शक्यता मोठी. आधी कानात सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पदरामागे लपतं. आमची लेक सहा वर्षांची होती; ओंडक्याचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं ऐंशीच्या घरातल्या मामींच्या. दोघींनाही तो पेलत नव्हता. दोघींच्याही तोंडावर तो पेलत असल्याचा आव होता.

त्या वेळी वडीलधारं माणूस ‘आलेग्रे, आलेग्रे’ असं सुरू होणारं मागणं म्हणतं. त्याचा शेवट असा: देवा, येणारं साल बघायला मिळो, आणि आम्ही वाढलो नाही तरी चालेल, कमी होऊ नये. म्हणून झाल्यावर मामींनी जास्तीच्या ताटाकडे पाहिलं. अशा वेळी फोन काढून चित्रण करायचं असेल तर आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही, पण फोन मी आपणहून खाली ठेवला.

सहावी पायरी: जेवण

सात पदार्थ, मरिया मातेच्या सात दुःखांची आठवण म्हणून. आता सातच्या सात करणारं घर क्वचितच सापडेल, चार-पाच असतात. सुरुवात ऐगो बुलीदोनं. नावाचा अर्थ ‘उकळलेलं पाणी’ आणि खरोखर ते तेवढंच असतं: पाण्यात लसूण, सेजची पानं, वरून ऑलिव्ह तेल आणि खाली पावाचा तुकडा. पहिला घोट घेऊन ‘एवढंच?’ असं वाटेल. पुढे काय काय यायचंय ते पाहिलं की या पातळ सुपाचं मोल कळतं. मग पांढऱ्या सॉसमधली कार्द, पालक किंवा फ्लॉवर, काही घरी काबुली चणे. मधोमध कॉड, रायतोमध्ये. नावाला हसू नका, दह्याशी संबंध नाही. तो तांबड्या वाइनमध्ये कांदा, टोमॅटो, लसूण, केपर घालून आटवलेला दाट रस्सा. गोव्याकडच्या वाचकांना खारवलेला कॉड पोर्तुगीज बकल्यावमुळे ओळखीचा असेल, आणि कोकणात खारा मासा भिजत घालणाऱ्यांना तो वास नवा नाही.

हे सगळं यायला दोन-अडीच तास लागतात. आपली सवय पान एकदम वाढायची, त्यामुळे पहिल्या दोन पदार्थांवरच हात मारून बसतो. तसं करू नका. प्रत्येक वेळी थोडं घ्या.

टेबलावरच्या रीती थोडक्यात. यजमानीण चमचा उचलेपर्यंत थांबा. दोन्ही मनगटं टेबलावर दिसू द्या, मांडीवर हात नकोत. पाव ताटात नाही, शेजारी टेबलक्लॉथवर ठेवायचा आणि हातानं तोडायचा. ग्लास उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘सांते’. दारू घेत नसाल तर ‘द लो, सिल व्हू प्ले’ म्हणून पाणी मागा. कारण देत बसायची गरज नाही, ते विचारतही नाहीत.

दोन शब्दांनी मात्र मला गोत्यात आणलं. कुणी वाढायला आलं आणि तुम्ही नुसतं ‘मेर्सी’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतला जातो. हवं असेल तर ‘व्हॉलोंत्ये’ किंवा ‘वी, मेर्सी’ म्हणा. पहिल्या वर्षी मी तीनदा हसून ‘मेर्सी’ म्हणाले आणि कार्दचं भांडं तीनदा माझ्यासमोरून पुढे गेलं. दुसरं, पोट भरल्यावर ‘पोट भरलं’चं शब्दशः फ्रेंच करून ‘झ स्वी प्लेन’ म्हणू नका. तो शब्द गाभण जनावराला लावतात. ‘सेते देलिस्यो’, फार छान होतं, एवढं म्हटलं की पुरे.

सातवी पायरी: मिस्सा

जेवण आणि गोड यांच्यामध्ये चर्च, ही जुनी रीत. ‘मध्यरात्रीची मिस्सा’, म्हणजे चर्चमधली नाताळची उपासना, आता कित्येक गावांत रात्री आठ-नऊलाच होते, त्यामुळे जेवणाची वेळही तिच्यावर ठरते. आदल्या दिवशी विचारून घ्या. ख्रिस्ती नसलात तरी मागच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नसते. फक्त पवित्र भाकरी घ्यायला रांगेत जाऊ नका. बो-द-प्रोव्हान्ससारख्या काही ठिकाणी मेंढपाळ नवजात कोकरू घेऊन मिस्सेला येतात. ते बघायचं असेल तर लवकर जा आणि अंगभर कपडे घाला, दगडी चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. न जाणाऱ्यांनी शेकोटीपाशी बसावं. टेबल आवरायला मदत करू का, असं विचारा. ‘नाही’ म्हणाल्या तर खरंच करू नका.

आठवी पायरी: तेरा गोड

आता मुख्य गोष्ट. तेरा म्हणजे येशू आणि त्याचे बारा शिष्य. गंमत म्हणजे याच देशात जेवायला तेरा माणसं बसली तर अपशकुन मानतात. तेराही एकाच वेळी टेबलावर मांडतात, आणि प्रत्येकाची चव घ्यायलाच हवी. एकही सोडला तर नशीब रुसतं म्हणतात. ‘तेरा गोडाचे प्रकार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तेरा पक्वान्नं येतात. तसं नाही. निम्मी तर फळं आणि सुकामेवा. दिवाळीच्या फराळाचं ताट किंवा गोव्यातलं नाताळचं कुस्वार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नेमका अंदाज येईल.

आधी चार ‘मांदियां’, भिक्षेकरी. भिक्षा मागून जगणाऱ्या चार साधुपंथांच्या झग्यांचे रंग: सुकं अंजीर फ्रान्सिस्कनांचं, बदाम कार्मेलाइटांचे, बेदाणे डोमिनिकनांचे, अक्रोड किंवा हेझलनट ऑगस्टिनियनांचे. अंजीर फोडून त्यात अक्रोड दाबायचा आणि एकदम तोंडात टाकायचं. हे मला मामींनी शिकवलं आणि यापुढे मला दुसरं गोड नसलं तरी चालेल.

मग पांढरा आणि काळा नुगा. काळा फोडताना दाताची काळजी घ्या. बदामाच्या आणि पाकवलेल्या खरबुजाच्या लगद्याचे होडीच्या आकाराचे कालिसों. क्विन्सच्या वड्या, आप्तची पाकातली फळं, खजूर, क्लेमेंटाइन संत्री, शरदापासून टांगून टिकवलेली द्राक्षं, हिवाळी खरबूज. काही घरी ओरेयेत, तळलेल्या पातळ, साखर भुरभुरलेल्या पाऱ्या; कडाकणीची आठवण येते, फक्त यात अंडं असतं. यादी घरोघर बदलते आणि ‘आमच्याकडे हेच खरं’ हा वाद प्रत्येक गावात आहे. तेरा हा आकडाही तितका पुरातन नाही. मार्सेयच्या एका धर्मगुरूनं १६८३ मध्ये नाताळच्या टेबलावरच्या सुक्यामेव्याचं आणि फळांचं वर्णन केलंय, पण तेरा हा आकडा पक्का झाला तो विसाव्या शतकात. हे मात्र टेबलावर बोलून दाखवू नका. मी बोलले होते. मामींनी फक्त माझ्यापुढचं खजुराचं ताट उचलून पलीकडे ठेवलं.

मधोमध पोंप. हा गोल, चपटा, चिरा पाडलेला पाव सुरीनं कापायचा नाही. कापला तर येतं वर्ष कफल्लक जातं. हातानं तोडायचा आणि व्हॅं क्वीमध्ये बुडवून खायचा. व्हॅं क्वी म्हणजे द्राक्षांचा रस कढईत आटवून मग आंबवलेली गोड वाइन. आटवलेल्या उसाच्या रसासारखा, काकवीच्या जवळ जाणारा तिचा वास.

माझ्या चिक्कीचं काय झालं? मामींनी ती बशीत घालून काळ्या नुगाशेजारी ठेवली. चौदा झाले, म्हणून नातवानं बोट दाखवलं. त्यांनी बेदाण्यांची वाटी उचलून द्राक्षांच्या ताटात ओतली आणि म्हणाल्या, “हे तेरा.”

नववी पायरी: दुसरा दिवस

रात्री टेबल आवरत नाहीत. उरलेलं तसंच ठेवतात, घरातली गेलेली माणसं रात्री येऊन जेवतात म्हणून. फक्त टेबलक्लॉथची टोकं वर उचलून ठेवतात, वाईट शक्ती लोंबत्या कपड्याला धरून वर चढू नयेत म्हणून. पाणी प्यायला उठलात आणि मोडलेला पाव, अर्धे ग्लास तसेच दिसले तर आवरायला लागू नका.

२५ च्या दुपारी मात्र संयम संपतो आणि टर्की किंवा कोंबडा येतो. शाकाहारी असाल तर त्या जेवणाचं वेगळं बोलणं आधी करा, किंवा न्याहारीनंतर निघा. निघताना वाटेत काही विकत घेऊ म्हणून चालणार नाही, सगळं बंद असतं. पाणी आणि पाव घरातूनच मागून घ्या.

हिशेब न्याहारीनंतर, रोख मोजून, पाकिटात घालून. वर टीप द्यायची नाही, कुणी अपेक्षा करत नाही. त्याऐवजी दाराशी ठेवलेल्या पाहुण्यांच्या वहीत चार ओळी लिहा, मराठीत लिहिल्यात तरी चालतात. आम्ही राहिलो त्या घरी मामींच्या नातवानं त्या पानाचा फोटो काढून भाषांतर मागवलं होतं.

उरलेलं गोड बांधून देतीलच, ते घ्या. नुगा आणि कालिसों विमानात हातातल्या पिशवीत नेता येतात, पण व्हॅं क्वीची बाटली दिली तर ती मोठ्या बॅगेत, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून. गव्हाची बशी मात्र मागू नका. ती क्रेशपाशी राहते, आणि सण सरला की कोंब बागेत लावतात.